मैदानातली पाचची गाडी

लतीफभाई मुलाणी यांनी उभ्या नोकरीत कुणासाठी एसटी थांबवली नाही, ही गोष्ट भोर तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कंडक्टर म्हणून लागले, कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात फौजदार पळत आले, हेडमास्तर पळत आले, एकदा तर एक नवरदेव मुंडावळ्या सावरत पळत आला; पण गाडी आपल्या वेळेला सुटली. तो नवरदेव मागून टेम्पोनं गेला आणि त्याचा संसार उत्तम चाललाय, हे लतीफभाई आवर्जून सांगतात.

या मंडळींतलं एक नाव मात्र ते सांगत नाहीत. ते रुकसानाभाभींचं, म्हणजे खुद्द त्यांच्या बायकोचं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. भोरच्या स्टँडवर गाडी लागलेली, लतीफभाई कंडक्टर, आणि भाभी फाटकापाशी कासाराकडे बांगड्या भरत बसलेल्या. शेवटची बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. "अहो, आले, थांबा जरा," असं त्या म्हणाल्या ते सगळ्या गाडीनं ऐकलं. लतीफभाईंनी बायकोकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि डबल बेल दिली. भाभी दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे बसून घरी आल्या. तेव्हापासून त्या घरातलं भांडण आमटीतल्या मिठावरून सुरू होवो की पंख्याच्या बटणावरून, शेवटी ते भोरच्या स्टँडवर जाऊन थांबतं. "राहू द्या. तुम्ही काय, बायकोला सोडून गाडी नेणारे," असं भाभी म्हणाल्या की विषय संपतो. नोकरीत त्यांना पुष्कळ प्रशस्तिपत्रकं मिळाली, पण त्यातलं एकही इथं कामाला येत नाही.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांची परीक्षा सुरू होते. लतीफभाई दूधवाल्याला उशिराचं कारण विचारू लागले. कुकरची तिसरी शिट्टी रेंगाळली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहू लागले. त्यामुळे एके दिवशी सरपंच हनुमंतराव दारात येऊन "कंट्रोलरसाहेब, गावाला तुमची गरज आहे," असं म्हणाले, तेव्हा लतीफभाईंच्या आधी भाभींनीच "न्या की," असं उत्तर दिलं.

गाव म्हणजे पागेवाडी. भोरहून कापूरहोळकडे निघालं की वाटेत लागतं. लागतं म्हणजे, खिडकीत बसलेल्या माणसाला जांभई आली तर राहून जातं. पण हनुमंतरावांचं म्हणणं असं की कापूरहोळला हायवे, भोरला बाजारपेठ, मग मधल्या मधे आपणच का गाव म्हणून राहायचं? म्हणून गावाबाहेरच्या पागेच्या मैदानाच्या कोपऱ्यात जी बाग होती, तिच्यावर त्यांनी 'पागेवाडी सिटी पार्क' अशी पाटी आधीच लावून टाकली होती. पार्कमध्ये एक घसरगुंडी होती, ती थेट डबक्यात उतरवायची. एक सीसॉ होता, त्याची एकच बाजू शिल्लक होती. व्यायामाची लोखंडी यंत्रं होती, त्यांवर आसपासच्या चार घरांची धुणी वाळत. सिमेंटचं एक हरीण होतं, त्याची शिंगं गेल्यापासून बाहेरगावचे लोक त्याला गाढव समजत आणि गावकरी ते मनाला लावून घेत.

आता या सगळ्याच्या सुधारणेला वरून निधी मंजूर झाला होता. पण अट होती. 'मैदान वापर धोरण' तयार करून जोडायचं. धोरण म्हणजे काय ते पागेवाडीत कुणी पाहिलं नव्हतं. हनुमंतरावांनी दोन दिवस विचार केला आणि त्यांना उजेड पडला.

"धोरण म्हणजे टाइमटेबलच की वो," ते म्हणाले. "कुणी कवा यायचं, कवा जायचं. तुमच्याइतकं टाइमटेबल तालुक्यात कुणाला कळतंय?"

लतीफभाईंनी नम्रपणे मान खाली घातली. आतून त्यांची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण भाभींना पुन्हा शिवावं लागलं.

त्याच संध्याकाळी घरात पहिला अर्ज आला. अर्जदार निलोफर, त्यांच्या मुलीची मुलगी. अकरावीला आजोळी राहून भोरच्या कॉलेजात जायची. ती आणि तिची मैत्रीण स्नेहल यांनी गावातल्या पोरींचा कबड्डीचा संघ जमवला होता. सराव चालायचा स्नेहलच्या आजोबांच्या, गेनबांच्या खळ्यावर. भात झोडून झालं की खळं मोकळं, तोवर पोरींनी बाजूच्या वावरात गुडघे सोलून घ्यायचे. सुगी संपली की भोरला सामने होते आणि गेनबांनी आता आपला निकाल सांगून टाकला होता. गेनबा हे गावातलं वजनदार म्हातारपण. त्यांची मान जिकडे हलेल तिकडे गावातल्या निम्म्या माना हलायच्या, म्हणजे बाकीच्या पोरींचे बाप त्यात आलेच.

"माझी ना न्हाई," गेनबा म्हणाले होते. "पन आडोशाला खेळायचं, पोरांनी कुपाटीवरनं बघत बसायचं, आसलं न्हाई चालायचं. मैदानात, चारचौघांदेखत, पोरींचा सोताचा टायम आसंल तर खेळा. आन् ज्या दिशी त्यो टायम मोडंल, त्या दिशी कबड्डी बंद. मंग रडायचं न्हाई."

निलोफरनं हे सगळं सांगितलं आणि आजोबांच्या तोंडाकडे पाहत राहिली. दुसऱ्या कुठल्याही आजोबांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला असता. लतीफभाई म्हणाले, "टाइमटेबलात बसलं तर मिळेल. वशिला चालणार नाही."

"नाना, वशिला कुठं मागतेय? एक तास मागतेय."

"तेच ते," लतीफभाई म्हणाले. आतल्या खोलीतून भाभींचा आवाज आला, "बायकोला सोडलं, आता नातीला सोडा."

लतीफभाईंनी पाहणी सुरू केली. खुर्ची टाकून ते मैदानाच्या कडेला बसले, की सल्ल्यांची रांग लागायची. क्रिकेटवाल्यांचं म्हणणं, मैदान क्रिकेटचंच आहे, बाकीचे अतिक्रमण. सकाळी फिरायला येणाऱ्या पेन्शनर मंडळींचं म्हणणं, क्रिकेटचा चेंडू हेच मुळात अतिक्रमण. ठकुबाई दर सुगीला सिमेंटच्या पिचवर भात वाळवायची. तिचं म्हणणं सरळ होतं, "पीच कशाला केलंय मग? एवढी गुळगुळीत जागा पोरांना नाचायला?" गेनबांच्या म्हशी मैदानातून पलीकडच्या ओढ्याला जात आणि जाता जाता बसत. गेनबा म्हणायचे की वाट म्हशींची आहे, मैदान मागनं आलं. लग्नसराईत मांडव, आठवडी बाजाराला टेम्पो. लतीफभाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. चाळीस आसनांच्या गाडीत ऐंशी माणसं बसवण्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे त्यांना काही विशेष वाटलं नाही.

अडचण आली ती नकाशाची. वरच्या कचेरीतल्या कुणीतरी आकाशातून काढलेला मैदानाचा फोटो पाहिला, आणि तो फोटो नेमका एका लग्नाच्या दिवशीचा होता. कचेरीतून शेरा आला, 'मैदानाच्या मध्यभागी अस्तित्वातील इमारत दिसते. ती पाडल्याचा दाखला जोडावा.' लतीफभाईंनी उत्तर लिहिलं, 'सदर इमारत लग्न लागल्यावर टेम्पोत घालून नेली.' उलट टपाली विचारणा आली, 'टेम्पोचा क्रमांक कळवावा.' लतीफभाई दोन दिवस मांडववाल्याला शोधत वेल्ह्यापर्यंत जाऊन आले, गुंजवणे गावातल्या एका मांडवाखाली तो सापडला, आणि क्रमांक कळवला गेला. एवढ्यावर प्रकरण मिटलं, यात आनंद मानायचा की दुःख हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण काम अंगावर घेतलेलं आणि अर्धवट टाकलेलं, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. माणूस हट्टी खराच, पण असले चार हट्टी असते तर पागेवाडीचं खरंच शहर झालं असतं.

अखेर धोरण तयार झालं आणि फाटकाशी मोठ्या फळ्यावर लागलं. थेट एसटीचं वेळापत्रक. डाव्या बाजूला वेळ, मधे 'कुठून कुठे', उजवीकडे शेरा. 'सकाळ : पेन्शनर, फाटक ते फाटक, गोल फेरी.' 'दुपार : भात, पिचच्या उत्तर बाजूस, जनावरांपासून संरक्षण मालकाचे.' म्हशींनासुद्धा एक फेरी होती, 'विनाथांबा' असा शेरा मारून. आणि ज्या वेळांसाठी फार मागणी होती, म्हणजे संध्याकाळ, तिच्यापुढे लतीफभाईंनी न्यायबुद्धीनं लिहिलं होतं, 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य.'

या तीन शब्दांनी घात केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लतीफभाई मैदानावर आले, तर मैदान रुमालांनी भरून गेलेलं. पांढरे रुमाल, चौकड्यांचे रुमाल, दोन टॉवेल, एक उपरणं, टोप्या, पिशव्या, कुणाचा तरी स्वेटर. प्रत्येकावर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड. स्टँडवर गाडी लागली की दारात लोंबकळण्याऐवजी खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, आणि एकदा रुमाल पडला की ती सीट आपली, हा आपल्याकडचा कायदा कुठल्या पुस्तकात नाही. पण वरंध्यापासून स्वारगेटपर्यंत तो मोडणारा मायेचा पूत जन्मला नाही. पागेवाडीकरांनी एसटीचं वेळापत्रक पाहिलं आणि ते एसटीसारखे वागले. त्यांचं काय चुकलं?

"उचला रे हे," लतीफभाई ओरडले.

"साहेब, रुमाल हाय त्यो," क्रिकेटवाल्यांपैकी एकजण शांतपणे म्हणाला. "तुमीच म्हनला व्हता, रुमालाची जागा ती जागा."

आणि तसं ते खरंच म्हणाले होते. भोरच्या स्टँडवर महाडच्या गाडीत एकदा दोघांची जुंपली होती. एकानं खिडकीतून रुमाल टाकलेला, दुसरा दारातून घुसून त्यावर बसलेला. कंट्रोलर लतीफभाईंनी स्वतः गाडीत चढून, दोन्ही बाजू ऐकून रुमालाच्या बाजूनं निकाल दिला होता. तो निकाल तालुक्यात गाजला होता. आता स्वतःच्या निकालाविरुद्ध जायचं म्हणजे उभ्या नोकरीवर पाणी सोडायचं. लतीफभाई उचललेला दगड परत रुमालावर ठेवून घरी आले.

पुढचे दिवस काय वर्णावे. रुमाल टाकणारा संध्याकाळी येईच असं नाही, पण रुमाल असेपर्यंत तिथं दुसऱ्यानं यायचं नाही. मैदान रिकामं आणि भरलेलं, दोन्ही एकाच वेळी. एक दिवस कुणाच्या तरी शेळीनं क्रिकेटवाल्यांचा रुमाल खाल्ला आणि ठकुबाईनं तिथं सुपातून भात ओतला. रुमाल गेला म्हणजे जागा गेली का, यावर फाटकाशी तासभर खल झाला. लतीफभाईंनी निवाडा दिला, "रुमाल गेला तरी जागा जात नाही. पण साक्षीदार पाहिजे." क्रिकेटवाल्यांनी शेळी आणून उभी केली. ठकुबाई म्हणाली, "तिला बोलायला लावा, म्या लगीच भात उचलते." लतीफभाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणि या सगळ्यात पोरी कुठं होत्या? फाटकाबाहेर. निलोफर, स्नेहल आणि बाकीच्या रोज संध्याकाळी यायच्या, रुमाल बघायच्या आणि परत जायच्या. एकदा स्नेहलनं आपली ओढणी टाकली होती, तर कुणीतरी ती घडी करून इमानदारीनं तिच्या घरी पोचवली, 'इसरली वाटतं' असं सांगून. पोरींचा रुमाल हा रुमालच धरला जात नव्हता. हे ऐकून गेनबा म्हणाले, "म्या म्हनलं न्हवतं? आता आठ दिस बघतो, न्हाईतर बंद."

निलोफर त्या दिवशी नानांशी बोलली नाही. ताट वाढलं, पाणी ठेवलं, बोलली नाही. लतीफभाईंना फौजदाराचा दम कधी लागला नव्हता, पण हे लागलं. ते अंगणात येऊन बसले. भाभी तिथं लसूण सोलत होत्या.

"काय हो," भाभी सालं झटकत म्हणाल्या, "एसटीत बायकांच्या सीटवर रुमाल चालतो का?"

"कसा चालेल? महिला राखीव असतं वर लिहिलेलं. तिथं बाप्याचा रुमाल..."

लतीफभाई मधेच थांबले. भाभी लसूण सोलत राहिल्या. इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर सगळं वाक्य बोलावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लाल रंगात ओळ चढली, 'संध्याकाळी पाच : महिला कबड्डी. राखीव. रुमाल ग्राह्य धरला जाणार नाही.' हिवाळ्यात सहाला अंधार पडतो आणि मैदानावर दिवे नाहीत, त्यामुळे पाच ते सहा हाच काय तो तास होता. गावात खळबळ माजली, पण उघड कुणी काही बोललं नाही. महिला राखीवच्या विरोधात बोलायचं म्हणजे गाडीत बायकांच्या शिव्या खायच्या, हे प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेलं होतं. फक्त वागायची तऱ्हाही एसटीचीच पडली. पाच वाजले तरी बाप्ये आपले बसलेले. 'कंडक्टरनं उठवलं की उठू.' गेनबांच्या म्हशीसुद्धा.

म्हणजे आता कंडक्टर हवा. लतीफभाईंनी खुंटीवरची शिट्टी काढली. कंट्रोलर झाल्यापासून तिला त्यांनी हात लावला नव्हता. वरच्या पदावरून खाली उतरणं सोपं नसतं. पण उतरले. पाचच्या ठोक्याला फाटकाशी उभे राहिले आणि दोन शिट्ट्या दिल्या. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, हे अख्ख्या तालुक्याच्या हाडात मुरलेलं. दोन शिट्ट्या ऐकताच बसलेले लोक ताडकन उठून पिशव्या शोधू लागले, दोघेजण सवयीनं रस्त्याकडे धावले, आणि मैदान मोकळं झालं. आठवड्याभरात म्हशीही शिकल्या. गेनबा अभिमानानं सांगायचे, "मानसापरीस लवकर शिकल्या."

मग ज्याला बघावं वाटलं त्यानं बघितलं. पोरी रोज खेळू लागल्या. स्नेहल चढाईला गेली की अंगावर येणाऱ्या पोरींमधून अशी निसटायची की क्रिकेटवालेसुद्धा कुंपणाशी गप्प उभे राहायचे. निलोफर घोटा धरायची तो सुटायचा नाही. या मुली आपल्याच गावातल्या, आपल्याच गल्लीतल्या, रोज पाणी भरताना दिसणाऱ्या, हे खरं वाटायचं नाही. ठकुबाई भात वळवता वळवता हातातलं फावडं विसरायची. गेनबांची कुंपणाशी जागा ठरून गेली, आणि तिथं मात्र त्यांनी रुमाल टाकलेला असायचा.

आता एवढ्यावर गोष्ट संपली असती, पण पार्कचं उद्घाटन राहिलं होतं. सीसॉला दुसरी बाजू आली, हरणाला शिंगं बसली, हनुमंतरावांनी पुण्याहून मोठे पाहुणे ठरवले. मुहूर्त निघाला तो सामन्यांच्या आदल्या दिवसाचा. लतीफभाईंनी हरकत घेतली तेव्हा हनुमंतराव म्हणाले, "कार्यक्रम तीनला. चारला च्या. साडेचारला पाहुणं वाटंला. पोरींच्या टायमाला धक्का न्हाई, शब्द माझा."

तीनला मैदानात खुर्च्या लागल्या. चारला लोक चहा पिऊन मोकळे झाले. साडेचारला हनुमंतरावांचा मोबाईल वाजला. पाहुणे कापूरहोळच्या फाट्यावर गर्दीत अडकले होते. पावणेपाचलाही ते तिथंच होते. पोरी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, पायांत बूट, केस घट्ट बांधलेले. गेनबा कुंपणाशी. ते पोरींकडे बघत नव्हते. घड्याळ नसलेला तो म्हातारा लतीफभाईंच्या मनगटाकडे बघत होता.

पाच वाजले. लतीफभाईंनी शिट्टी ओठाशी नेली.

"साहेब, साहेब," हनुमंतराव धावत आले. त्यांच्या कपाळावर भर थंडीत घाम होता. "दहा मिनटं. निघालेत. आता हितं पोचतील आन् मैदानात पोरी उड्या मारताना दिसल्या तर काय म्हनतील? उरलेला निधी त्यांच्याच हातात हाय. दिवं बसवायचेत, पोरींसाठीच बसवायचेत. एका दिवसानं काय व्हतंय?"

हे काही खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. हनुमंतराव भला माणूस. दिवे खरंच हवे होते. खुर्च्यांवरून लोक म्हणू लागले, "थांबा वो जरा," "मोठं मानूस हाय." लतीफभाईंनी निलोफरकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. वशिला मागायचा नाही, हे तिला पाठ होतं. गाडी आपली होती तेव्हा सोपं होतं. इथं गाव आपलं होतं. आणि लतीफभाईंनी, खरं सांगायचं तर, शिट्टी खाली घेतली.

गेनबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "स्नेहल, चल घरी," ते म्हणाले.

तेवढ्यात बायकांच्या खुर्च्यांमधून रुकसानाभाभी उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता, पण मैदानात तेव्हा दुसरा आवाजही नव्हता.

"माझ्यासाठी थांबले नव्हते," त्या म्हणाल्या.

ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कित्येकजण तर त्या गाडीत होते. त्या गोष्टीवर गाव वर्षानुवर्षं हसत आलं होतं. आज पहिल्यांदा कुणी हसलं नाही. नव्या नवरीसाठी, हातात अर्धा चुडा भरलेल्या बायकोसाठी जी गाडी थांबली नाही, ती आता कुणासाठी थांबवा म्हणायचं, हे कुणालाच सुचेना.

लतीफभाईंनी दोन शिट्ट्या दिल्या. भोरच्या स्टँडवर ऐकू जावं इतक्या जोरात.

आधी ठकुबाई उठली आणि तिनं आपली खुर्ची उचलली. मग क्रिकेटवाली पोरं धावली. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या मखमली खुर्चीवर हनुमंतरावांचा पांढराशुभ्र रुमाल टाकलेला होता, जागा धरायला. हनुमंतराव क्षणभर घुटमळले, मग त्यांनी स्वतःच तो उचलला, कपाळ पुसलं आणि खुर्ची डोक्यावर घेऊन चालू लागले. या माणसाला पुढच्या निवडणुकीत मत द्यायचं, हे बऱ्याच जणांनी तिथल्या तिथं ठरवलं. गेनबांनी उपरणं पुन्हा कुंपणावर टाकलं, आपल्या जागेवर.

पाहुणे आले तेव्हा खेळ रंगात होता. गाडीतून उतरून ते फाटकाशी आले, तर सदरा-पायजम्यातल्या, गळ्यात शिट्टी असलेल्या एका गृहस्थानं त्यांना हात करून अडवलं.

"साहेब, आपली गाडी गेली," लतीफभाई अदबीनं म्हणाले. "ही पाचची चालू आहे. सहाला आपली लावतो. तोवर बसा, जागा आहे."

जागा होती ती नव्या सीसॉवर. पाहुणे मोठे असले तरी थकलेले होते, बसले. दुसऱ्या बाजूला तोल साधायला हनुमंतराव बसले. स्नेहलची एक चढाई पाहुण्यांनी पाहिली, मग दुसरी पाहिली, आणि मग कोण कुणाच्या बाजूला आहे ते हनुमंतरावांना विचारू लागले. सहाला फीत कापली तेव्हा अंधार झाला होता, आणि कात्री दिसावी म्हणून पाहुण्यांच्या ड्रायव्हरनं गाडीचे दिवे लावून धरले होते. भाषणात पाहुण्यांनी दोनच वाक्यं उच्चारली. त्यातलं एक दिव्यांबद्दल होतं.

गर्दी पांगली. पोरी उद्याच्या सामन्याचं बोलत पुढे गेल्या, त्यांच्यामागून गेनबा आणि गेनबांच्या मागून म्हशी. फाटकाला कुलूप लावून लतीफभाई रस्त्यावर आले. भाभी अजून मागे कुंपणाच्या टोकाशी ठकुबाईला काहीतरी सांगत उभ्या होत्या. काय सांगत होत्या ते लतीफभाईंना इतक्या लांबूनही कळलं, कारण भाभी डाव्या हातानं उजव्या हातावर तेव्हा बांगडी कुठं अडली होती ते दाखवत होत्या.

"अहो, आले, थांबा जरा," त्या तिथूनच म्हणाल्या, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.

लतीफभाईंनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. मग शिट्टी खिशात टाकली आणि ते थांबले.